सोबत आणि सत्ता : ख्रिस्ती साधनेत मार्गदर्शकाचे स्थान

'गुरू' हा शब्द आपल्याकडे उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात दोन परस्परविरुद्ध भावना एकदम जाग्या होतात. एक पूज्यभावाची आणि दुसरी संशयाची. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना वाट दाखविली, हे आठवले की हात आपोआप जोडले जातात. पण वर्तमानपत्रात एखाद्या बुवाची कीर्ती वाचली की तेच हात कानांवर जातात. महाराष्ट्राने हे दोन्ही अनुभव भरपूर घेतले आहेत. त्यामुळे आजच्या विषयाची निम्मी तयारी श्रोत्यांनी आधीच करून ठेवली आहे, असे मी समजतो.

ख्रिस्ती धर्माविषयी मात्र आपल्या शेजारीपाजारी एक समजूत आढळते. तिथे एक ग्रंथ असतो, एक देऊळ असते, रविवारी उपासना सांगणारा एक फादर किंवा पाळक असतो. गुरुशिष्य हा प्रकार तिथे नसतोच. पुष्कळ ख्रिस्ती माणसेही तसेच म्हणतात. कोणाला गुरू म्हणवून घेऊ नका, कारण तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात, अशी ताकीद येशूने शिष्यांना दिल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आले आहे. मग मनुष्यरूपी मार्गदर्शकाला तिथे जागा कोणती? आणि जागाच नसेल, तर दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणसे एकमेकांचा हात धरून का चालत आली? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मी काही धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे वाचले ते पाळी संपल्यावर, दिव्याखाली बसून वाचले. परंतु संघटनेच्या कामात आणि या विषयात एक प्रश्न समान आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो. एका माणसाने दुसऱ्याला आपल्या पायांवर उभे कसे करावे, आणि तसे करताना त्याला कायमचे आपल्या खांद्यावर टेकण्याची सवय कशी लागू देऊ नये, हा तो प्रश्न. कारखान्यात नवा मुलगा आला की त्याला यंत्र दाखविणारा कोणीतरी जुना माणूस लागतो. पुस्तकात सगळे छापलेले असते, पण पुस्तक वाचून कोणी फिटर झालेला मी पाहिला नाही. त्याचबरोबर उस्तादाच्या परवानगीशिवाय पान्याला हात न लावणारा फिटरही मी पाहिलेला आहे, आणि त्याची कीव केली आहे.

प्रथम बायबलातील उदाहरणे घेऊ. तिथे मार्गदर्शनाची व्याख्या दिलेली नाही. माणसे दाखविली आहेत, आणि ती फार बोलकी आहेत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बर्णबा नावाचा मनुष्य येतो. शौल, म्हणजे पुढचा पौल, हा पूर्वी ख्रिस्ती मंडळीचा छळ करीत असे. त्याचे मतपरिवर्तन झाले आणि तो यरुशलेमेत आला, तेव्हा शिष्य त्याला भ्याले. हा खरोखर बदलला आहे की आत शिरून आपल्याला पकडून देणार आहे, कोणाला ठाऊक! कालपर्यंत मालकाच्या बाजूने असलेला मनुष्य एकाएकी सभासद होऊ म्हणाला, तर आपण जे करू तेच त्यांनी केले. त्या वेळी बर्णबाने त्याला आपल्याबरोबर प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. मार्गदर्शकाचे पहिले काम हे. उपदेशाच्या आधी तो जामीन राहतो.

पुढे अंत्युखियात मंडळी वाढली, तेव्हा बर्णबा शौलाला शोधण्यासाठी तार्स गावी गेला, त्याला घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर बरोबरीने शिकविले. या पुस्तकात एक बारीक गोष्ट आहे. आरंभी त्या दोघांचा उल्लेख 'बर्णबा आणि शौल' असा येतो. तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून 'पौल आणि बर्णबा' असे नावांचे क्रम फिरू लागतात. शिकविणारा मागे गेला आणि शिकलेला पुढे आला. बर्णबाने याबद्दल कुरकूर केल्याची एक ओळही त्या पुस्तकात नाही. त्यांचे भांडण झाले ते दुसऱ्याच कारणावरून. मार्क नावाचा तरुण एकदा अर्ध्या वाटेवरून परत गेला होता. त्याला पुन्हा बरोबर घ्यावे असे बर्णबाचे म्हणणे, आणि नको असे पौलाचे. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. बर्णबा त्या पळून गेलेल्या पोराला घेऊन कुप्रास निघून गेला. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. एकदा चुकलेल्या माणसावर वर्षे खर्च करणारा कोणी असला, तर काय होते याचा हा दाखला आहे.

दुसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे, कारण ते श्रमिकांचे आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवराबायको तंबू शिवण्याचा धंदा करीत. करिंथ येथे पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तोच धंदा करून पोट भरू लागला. पुढे इफिस येथे अपुल्लो नावाचा आलेक्सांद्रियाचा विद्वान वक्ता आला. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्याच्या ज्ञानात काही उणेपणा होता. या दांपत्याने भर सभेत उठून त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याबरोबर नेले आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. विद्वानाला तंबू शिवणाऱ्यांनी शिकविले, त्यांत एक स्त्री होती, आणि त्या प्रसंगाच्या वर्णनात तिचे नाव आधी घातले आहे. मार्गदर्शक होण्यासाठी पदवी किंवा पद लागतेच असे नाही, हे इथे दिसते. चूक दाखवावी ती एकांतात, हेही दिसते.

तिसरे उदाहरण जुन्या करारातील एली आणि शमुवेल यांचे. बाल शमुवेल रात्री मंदिरात झोपलेला असता त्याला हाक ऐकू येते. एलीनेच बोलाविले असे वाटून तो धावत जातो. दोनदा एली त्याला परत पाठवितो. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात येते की हाक मारणारा देव आहे. मग तो मुलाला काय उत्तर द्यावयाचे ते सांगतो आणि पुन्हा जाऊन निजावयास लावतो. स्वतः त्याच्याबरोबर जात नाही. ऐकण्याचे काम मुलानेच करावयाचे आहे. सकाळी जो निरोप निघतो, तो एलीच्याच घराण्याविरुद्ध असतो. मुलगा सांगावयास भितो, तेव्हा एली त्याला बजावतो की काहीही लपवू नकोस. आपल्याच शिष्याच्या तोंडून आपल्यावरील ठपका ऐकून घेण्याची ही तयारी फार थोड्यांपाशी असते. पुढाऱ्यांपाशी तर ती फारच दुर्मिळ, हे मी माझ्या क्षेत्रापुरते सांगू शकतो.

या साऱ्याचा तात्त्विक निष्कर्ष पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मांडला आहे. तिथे लोकांनी तट पाडले होते. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोचा. त्यावर पौलाने शेतीचा दृष्टान्त दिला. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाची. आपल्या भागातील माणसाला याच अर्थाचा दृष्टान्त मिठागराचा देता येईल. मीरा-भाईंदरच्या मिठागरांत काम केलेल्या कोणालाही विचारा. भरतीचे पाणी घ्यावयाचे, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडावयाचे, बांध फुटला तर बुजवावयाचा, एवढे मनुष्याच्या हातचे. मीठ धरते ते उन्हाने आणि वाऱ्याने. कामगाराने घाई केली म्हणून ते लवकर धरत नाही. पण कामगार नसेल तर भरती येते आणि ओहोटीबरोबर परत जाते, मीठ होतच नाही. ख्रिस्ती विचारात मार्गदर्शकाचे स्थान बांध राखणाऱ्याचे आहे. तो सूर्य नव्हे. म्हणूनच 'गुरू एकच' ही ताकीद आणि मार्गदर्शकाची आवश्यकता, या दोन गोष्टींत विरोध राहत नाही.

आता पुढच्या काळात चर्चने या नात्याची व्यवस्था कशी लावली ते थोडक्यात पाहू. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधक राहत. नवशिका तिथे जाऊन एखाद्या वृद्ध साधकाजवळ राही. त्या वृद्धाला 'अब्बा' म्हणजे बाप म्हणत, स्त्री असली तर 'अम्मा'. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी (१४९१–१५५६) आपली 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका रचली. ती साधकाने नुसती वाचावयाची नसून मार्गदर्शकाच्या सोबतीने करावयाची आहे. तिच्यात मार्गदर्शकाला दिलेली एक सूचना मला फार मोलाची वाटते. तराजूचा काटा जसा मधोमध असतो तसे त्याने राहावे, साधकाला एका बाजूला ढकलू नये, आणि देवाला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा. खात्याच्या चौकशीत कामगाराच्या शेजारी संघटनेचा प्रतिनिधी बसतो. त्याने धीर द्यावा, कागद दाखवावा, नियम सांगावा. उत्तर मात्र कामगाराने द्यावयाचे असते. त्याच्या वतीने तोच बोलू लागला, तर तो मनुष्य पुढच्या खेपेला एकटा उभा राहू शकत नाही.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत याच तत्त्वाला नियमांचे रूप दिले आहे. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांच्या विद्यालयात आध्यात्मिक मार्गदर्शक असलाच पाहिजे, असे ती सांगते. पण एखाद्याला दीक्षा द्यावी की न द्यावी, हे ठरविताना त्या मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही मागता येत नाही. तसेच संघाच्या वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या व्रतस्थांवर अंतःकरण उघडे करण्याची कोणत्याही प्रकारे गळ घालावयाची नाही. ज्याच्या हाती बढती, त्याच्या हाती अंतःकरणाच्या किल्ल्या द्यावयाच्या नाहीत, असा याचा अर्थ. गिरणीतला जुना मुकादम हा शिकवी, भरती करी आणि काढूनही टाकी, कर्जही देई. हे सारे अधिकार एकाच मुठीत आल्यामुळे त्याचे शिकविणेसुद्धा नासून गेले होते. सोबत आणि सत्ता वेगळ्या ठेवाव्या लागतात, हे चर्चलाही कायद्यात लिहून ठेवावे लागले.

सामान्य माणसासाठी याच व्यवस्थेचे घरगुती रूप म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता आणि धर्ममाता. त्याच कायद्याप्रमाणे ही व्यक्ती मुलाची आई किंवा बाप असता कामा नये, आणि सर्वसाधारणतः तिने वयाची सोळा वर्षे पुरी केलेली असावीत. आईबापांखेरीज आणखी एक मोठे माणूस मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे असावे, हा त्यातला शहाणपणा. आमच्या शेजारच्या वसईत या नात्याने एका अख्ख्या समाजाला नाव दिले आहे. तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला 'कुपारी' म्हणतात. हा शब्द 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आला. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांनी एकमेकांना हाक मारावयाचा तो शब्द. मुलाच्या वाढीची भागीदारी हीच जिथे माणसांची ओळख झाली, त्या गावकीला या नात्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

वसईचाच आणखी एक दाखला आहे. गोन्सालो गार्सिया हे सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मले. तरुणपणी ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षकाचे काम करू लागले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. काही काळ व्यापार करून ते मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. पेद्रो बाप्तिस्ता या आपल्या वरिष्ठाचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर ठार मारले त्यांत गुरू आणि दुभाषी दोघेही होते. १८६२ साली चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केले. एका दाराने नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या दारातून आत घेणारे कोणी भेटले, म्हणून ही हकीकत मार्गदर्शनाच्या विषयात बसते.

आता मराठी मुलखातील अशा दोन व्यक्तींकडे वळू, ज्यांच्या बाबतीत या नात्याचा कस लागला. पहिल्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, पती गेला. १८८३ साली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. या वळणावर दोन मार्गदर्शक होते. पहिले फादर नीलकंठशास्त्री उर्फ नहेम्या गोऱ्हे. हे १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण शास्त्री. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांवर अधिकाराने लिहिणारा हा मनुष्य आयुष्यभर स्वतःच्या शंकांशी झगडत राहिला. त्यांच्या एका पत्राने आपल्या शंका फिटल्या असे रमाबाईंनी पुढे नमूद केले आहे. याचे मला नवल वाटत नाही. ज्याला कधी शंकाच आली नाही, तो दुसऱ्याच्या शंकेला एक तर दटावतो नाही तर हसतो. जो त्या चिखलातून गेला आहे, त्याला पाय कुठे रुततो ते ठाऊक असते.

दुसऱ्या मार्गदर्शक वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना पत्रांतून प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंचे आणि नातीचे जे वाद झाले ते पत्रांत जसेच्या तसे उरले आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. वाद लहानमोठ्या सर्व गोष्टींवर होते. रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन शब्दच का असावेत, संस्कृत का चालू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी शंका काढल्या. विनम्रपणे मान्य कर, असे सिस्टरचे सांगणे. यावर रमाबाईंच्या उत्तराचा भाव असा की, मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या जोखडातून मान सोडविली आहे, ती पुन्हा दुसऱ्या कोणाच्या जोखडात घालणार नाही. देवाने मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिली आहे.

इथे कोणाची बाजू बरोबर होती, हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दोन गोष्टी सांगतो. पहिली, सिस्टर जेराल्डिन कठोर बोलल्या तरी त्यांनी नाते तोडले नाही. रमाबाईंनीही तोडले नाही. पत्रे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली, आणि आपल्याविरुद्ध जाणारी पत्रेसुद्धा त्या मठवासिनीने जपून ठेवली, म्हणून तर आज आपण हे बोलू शकतो. दुसरी गोष्ट, हा विरोध रमाबाईंच्या आध्यात्मिक वाढीला मारक ठरला नाही. ज्याच्याशी वाद घालता येतो, अशा जिव्हाळ्याच्या माणसासमोर स्वतःचे मत घासून लख्ख होते. सगळ्याला मान डोलावणारी रमाबाई असती, तर १८८९ साली मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले नसते.

रमाबाई स्वतः मार्गदर्शक झाल्या, तेव्हा त्यांनाही याच कसोटीला उतरावे लागले. पुण्यात सदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. दार उघडे आहे, मी कोणाला बोलावीत नाही, कोणाला हाकलीतही नाही, अशी त्यांची भूमिका. पण धर्मात ढवळाढवळ न करण्याचे आश्वासन दिलेल्या संस्थेत हे घडते म्हणून गावात मोठा गदारोळ उठला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. हा प्रसंग एका वाक्यात निकालात काढू नये. रमाबाईंचा प्रामाणिकपणा निर्विवाद होता. परंतु जिचे अन्न, वस्त्र, निवारा आपल्या हाती आहे, अशा निराधार मुलीच्या मनावर आपल्या नुसत्या वागण्याचेही किती वजन पडते, हा सल्लागारांचा प्रश्नही प्रामाणिक होता. उघडे दार हे एका बाजूने स्वातंत्र्य, आणि दुसऱ्या बाजूने न बोललेले आमंत्रण असते. आश्रम, वसतिगृह, मठ, संघटना, जिथे जिथे एक देणारा आणि एक घेणारा असतो, तिथे तिथे हा प्रश्न अजूनही उभा आहे.

दुसरी व्यक्ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). १८९३ साली नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असे भाकीत केले. टिळकांनी डोंगरावरील प्रवचन वाचले आणि ते पुस्तक त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने एका हिंदी पाळकाच्या हातून. आयुष्याची दिशा बदलणारा तो सहप्रवासी पुन्हा काही सोबतीला राहिला नाही. काही मार्गदर्शक एका स्टेशनापुरते असतात. पण टिळकांनी स्वतः मागचा पूलही सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अडीचशे वर्षांपूर्वीचा देहूचा वाणी अशा रीतीने एका ख्रिस्ती कवीचा मार्गदर्शक ठरला. गुरू हयातच असावा, आपल्याच पंथाचा असावा, हे बंधन मराठी मनाने कधी मानलेले नाही.

टिळकांच्या घरातली परीक्षा मात्र याहून कठीण होती. ते ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी काय सोसले, ते त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी आपले सोवळेओवळे सांभाळून राहिल्या. टिळक स्वभावाने तापट आणि उतावळे. अशा नवऱ्यानेही बायकोला धर्माच्या बाबतीत ओढून नेले नाही. जातिभेद माणसाने केला आहे, देवाने नव्हे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या मनात उगवला, पक्का झाला, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. जिला अक्षर गिरवायला शिकविताना नवऱ्याचा धीर सुटत असे, तिने नवऱ्याचे महाकाव्य पुरे केले. शिष्य पुढे गेल्याची याहून मोठी पावती कोणती?

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. नगरला टिळकांनी त्यांना जवळ घेतले, त्यांच्या कवितेला हवा-पाणी दिले. बालकवी हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अकाली अंत झाला. एका निष्ठावंत ख्रिस्ती पाळकाने एका हिंदू मुलाला घरात वाढवावे आणि त्याच्या धर्माला धक्का लावू नये, हे मार्गदर्शनाचे शुद्ध रूप आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून भावाभावांप्रमाणे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पसरू शकला नाही. कल्पना मात्र जुनी झालेली नाही.

या नात्याची काळी बाजू सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. चालू शतकात अमेरिका, आयर्लंड आणि इतर देशांत जे उघडकीस आले, त्याने सारे जग हादरले. आयर्लंडमधील चौकशी आयोगांचे २००९ चे अहवाल सांगतात की, विश्वासाने सोपविलेल्या मुलांचा छळ वर्षानुवर्षे झाला आणि वरिष्ठांनी संस्थेचे नाव राखण्यासाठी तो झाकला. हे दुखणे एका धर्माचे नाही. जिथे मार्गदर्शकाला प्रश्न विचारणे पाप ठरते, तिथे ते मूळ धरते. म्हणून मार्गदर्शक निवडताना माणसाने चार गोष्टी बिनदिक्कत पाहाव्यात. तो एकांतात जे सांगतो ते चार लोकांत सांगण्याची त्याची तयारी आहे काय? आपल्याला नाही म्हणता येते काय, आणि नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो काय? तो आपल्याला इतरांपासून, घरच्यांपासून तोडतो की त्यांच्याशी जोडतो? आणि तो स्वतः कोणाचे ऐकतो काय? ज्याला स्वतःला कोणी विचारणारे नाही, त्याच्या हाती आपले अंतःकरण देऊ नये.

आता आपल्या गावाकडे येऊ. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वे, भाईंदर या जुन्या गावांत ख्रिस्ती मुलाला धर्मपिता कोण, प्रार्थना शिकविणारी आजी कोण, हे शोधावे लागत नसे. गावच ते पुरवीत असे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेलेली दिसली. पूनम सागरसारख्या वसाहतींत माणसे वसईहून, कोकणातून, गोव्यातून, केरळातून आणि उत्तरेकडून आली आहेत. एका जिन्यावर चार धर्म आणि सहा भाषा नांदतात. पहाटेची लोकल धरणारा बाप रात्री परततो तेव्हा पोर झोपलेले असते. देऊळ आहे, मशीद आहे, चर्च आहे, आणि मोबाइलवर तर जगातले सगळे प्रवचनकार चोवीस तास बोलत आहेत. बोलणारे वाढले. ऐकून घेणारे मात्र कमी झाले. पडद्यावरचा वक्ता हजारोंना उपदेश करतो, पण आज तू गप्प का, एवढा प्रश्न तो एकालाही विचारू शकत नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी जवळचा मनुष्य लागतो. तो फादरच असला पाहिजे असे नाही. वेल्डर असेल, परिचारिका असेल, शिंपीकाम करणारी विधवा असेल. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी आपल्या तंबूच्या दुकानातून जे केले ते पूनम सागरच्या दोन खोल्यांतून करता येण्याजोगे आहे. पंधरवड्यातून एक संध्याकाळ, एक मुलगा किंवा मुलगी, घरच्यांच्या माहितीत आणि दार उघडे ठेवून. त्याचे ऐकावे, विचारले तर आपला अनुभव सांगावा, ठाऊक नसेल तर तसे म्हणावे, आणि त्याची पावले आपल्या पुढे पडू लागली की वाट द्यावी. ख्रिस्ती श्रोत्यांना याची प्रेरणा त्यांच्या शास्त्रात मिळेल, इतरांना आपापल्या परंपरेत मिळेल. ज्यांनी आपल्याला कधी काळी असे हात दिले, त्यांचे देणे त्यांना परत करता येत नाही, कारण त्यांतले बहुतेक आज नाहीत. ते फेडण्याची रीत एकच, आपल्या जिन्यावरच्या पुढच्या पोराला हात देणे.